योसेमिटीत तंबूत तीन रात्री, बाबांबरोबर

एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला जमिनीवर झोपवायचं नाही, हे सगळ्यात आधी ठरलं. तंबू केवढा घ्यायचा, कॅम्पग्राउंड कुठलं, सामान किती, हे सगळं मग त्यावरून ठरत गेलं.

कॅलिफोर्नियात मुलांकडे आलेल्या आईवडिलांना योसेमिटी राष्ट्रीय उद्यान बहुतेक वेळा एका दिवसात दाखवून आणतात. जाऊन येऊन आठ तास गाडीत, आणि उरलेला वेळ पार्किंग शोधण्यात. पण तिथली दरी बघावी ती सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सातनंतर, आणि त्यासाठी आत मुक्काम हवा. बाबा आणि मुलगी अशा दोघांनी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तीन रात्री तिथे काढल्या. ज्येष्ठांना हे उत्तम झेपतं, फक्त झोप, रात्रीचं उठणं आणि खाणं या तिन्हींची तयारी चोख हवी.

आरक्षणाचं थोडक्यात. दरीतल्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडच्या जागा पाच महिने आधी, १५ तारखेला सकाळी ७ वाजता (पॅसिफिक वेळ) खुल्या होतात. १५ जून ते १४ जुलै या काळात पोहोचायचं असेल तर तारीख १५ जानेवारी. भारतात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, म्हणजे घरचेही त्याच वेळी प्रयत्न करू शकतात. मात्र आरक्षणावर नाव प्रत्यक्ष येणाऱ्याचंच असावं, कारण तिथे ओळखपत्र बघतात. भाडं एका रात्रीला ३६ डॉलर, एका जागेवर जास्तीत जास्त सहा माणसं. गाडीचं प्रवेशशुल्क ३५ डॉलर आणि ते सात दिवस चालतं. २०२६पासून वार्षिक पास नसलेल्या परदेशी रहिवाशांना माणशी १०० डॉलर जादा आहेत. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या पालकांसाठी हा खर्च आधीच हिशेबात धरा.

दिवस पहिला, गुरुवार: फ्रीमाँट ते अपर पाइन्स

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटहून सकाळी सहाला निघालं की ओकडेल, ग्रोव्हलँडमार्गे साधारण चार तास. ग्रोव्हलँडच्या आधी प्रीस्ट ग्रेड नावाची चढण लागते आणि तिथे दोन रस्ते फुटतात. जुना रस्ता आखूड पण अंगावर येणारा, नवा लांब आणि वळणांचा. नव्यानेच जावं, हळू जावं, आणि ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवावं. पोटात काही नसेल तर मळमळ जास्त होते, म्हणून ओकडेलला दोन घास खाऊन घेतलेले बरे. पेट्रोल ग्रोव्हलँडला भरा, खाली दरीत पंप नाही. फोनवरचे नकाशेही इथेच उतरवून ठेवा.

जागेचा ताबा दुपारी बाराला मिळतो. अपर पाइन्स म्हणजे उंच झाडांखाली आखून दिलेल्या जागा. प्रत्येक जागेला एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं आणि तपकिरी रंगाची एक पोलादी पेटी. ही पेटी म्हणजे अस्वलांपासून अन्न सांभाळायचा लॉकर, आणि इथल्या मुक्कामाची शिस्त सगळी तिच्याभोवती फिरते.

लॉकर आतून ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल आणि फक्त १८ इंच उंच. कडी बाहेर दिसत नाही. पत्र्याच्या खोबणीत बोटं घालून आतला खटका उचलावा लागतो, अस्वलाच्या पंजाला ते जमत नाही. ज्यांची बोटं संधिवाताने आखडतात त्यांना उजेडात दोन-तीनदा उघडून दाखवा, रात्री हेडलॅम्पच्या प्रकाशात ते पहिल्यांदा शिकायला लावू नका. आमचा कूलर साडेएकोणीस इंच उंच निघाला. आडवा करून आत सरकवला तेव्हा वितळलेल्या बर्फाचं पाणी तांदळाच्या पिशवीत गेलं. घरून निघताना कूलरची उंची चाकांसकट मोजा.

आता आत काय ठेवायचं. ज्याला वास आहे ते सगळं, मग ते खायचं असो वा नसो. आपल्या सामानात अशा वस्तू भरपूर निघतात: लोणचं, मेतकूट, हिंग, खोबरेल तेल, बाम, दंतमंजन, साबण, बडीशेपेची डबी, खोकल्याचं गोड औषध, चघळायचा आवळा, कचऱ्याची पिशवी, रिकामा कूलरसुद्धा. बाबांच्या शर्टाच्या खिशात लवंगांची पुडी असते. तीही गेली. अंधार पडल्यावर गाडीत अन्न ठेवायला मनाई आहे, कारण इथली अस्वलं गाडीचं दार पत्र्याच्या डब्यासारखं वाकवतात. अन्न नीट ठेवलं नाही तर ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. दिवसा स्वयंपाक चालू असतानाही लॉकर बंद हवा, आणि बाहेर काढलेलं अन्न हाताच्या अंतरावर. मधुमेहामुळे ज्यांना रात्री काही खावं लागतं त्यांनी ते तंबूत न ठेवता लॉकरच्या पुढच्या बाजूला वेगळ्या डब्यात ठेवावं, तिथेच उभं राहून खावं आणि कडी लावून परत यावं. त्यासाठी तंबू ते लॉकर ही वाट मोकळी राखा. खुर्च्या, दोऱ्या आडव्या नकोत.

तंबू दोघांसाठी सहा माणसांचा घेतला होता. मधली उंची सहा फूट असली की उभं राहून पॅन्ट बदलता येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याची किंमत कळते. खालचं अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन इंच लहान हवं. बाहेर डोकावलं तर पाऊस त्यावर पडून तंबूखाली साचतो. तंबूबरोबर येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या बारीक खुंट्या या घट्ट जमिनीत वाकतात, दहा इंची पोलादी खुंट्या आणि हातोडी न्यावी. शेजारच्या जागेवर सॅक्रामेंटोचे आजी-आजोबा नातवंडांना घेऊन आले होते. आजोबांनी आमची वाकलेली खुंटी बघून स्वतःच्या पेटीतल्या चार दिल्या आणि परत घेतल्याच नाहीत.

खाट घडीची, जमिनीपासून सतरा इंच. खुर्चीएवढी उंची असली की उठताना गुडघ्यावर जोर येत नाही. दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, खाटेचे पाय तंबूचा तळ फाडतात, म्हणून जुन्या योगा मॅटचे चौकोनी तुकडे कापून पायाखाली घालावेत. दुसरी जास्त महत्त्वाची: खाटेखालून हवा खेळत राहते, त्यामुळे थंडी खालून लागते. स्लीपिंग बॅग कितीही भारी असली तरी अंगाखालचा तिचा कापूस दबलेला असतो आणि दबलेला कापूस ऊब धरत नाही. खाटेवर आधी फोमची चटई, तिच्यावर गोधडी, मग बॅग. वर पांघरूण कमी पडलं तर चालतं, खाली कमी पडून चालत नाही.

दरी समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर आहे. जूनमध्ये दुपारी पंचवीस-सत्तावीस अंश असले तरी पहाटे पारा आठ-दहापर्यंत उतरतो. झोपायच्या अर्धा तास आधी शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने दोन तृतीयांश भरून, हवा काढून, बॅगेच्या पायथ्याशी ठेवावी. कानटोपी, लोकरीचे मोजे. तंबूच्या वरच्या झडपा थंडी वाजली तरी बंद करू नका. श्वासातलं बाष्प कापडावर जमतं आणि पहाटे अंगावर टपकतं.

त्या रात्री जेवायला मऊ भात, मेतकूट आणि तूप.

दिवस दुसरा, शुक्रवार: पाण्याचा दिवस

रात्री दोनदा उठावं लागणार, हे धरूनच पहिल्या संध्याकाळी तंबू ते शौचालय ही वाट उजेडात दोघांनी चालून बघितली होती. एकशे दहा पावलं. हेडलॅम्प खाटेच्या डोक्याशी बांधलेला, त्यात लाल दिव्याची सोय असलेला. डोळे दिपत नाहीत आणि शेजारच्या तंबूंनाही त्रास होत नाही. दोऱ्यांना चमकणारी फीत गुंडाळली की पाय अडकत नाही. चपलांपेक्षा मागून पट्टा असलेल्या सँडल बऱ्या. इथली शौचालयं फ्लशची आणि स्वच्छ, पण पाणी गारच. आंघोळीची सोय कॅम्पग्राउंडवर नाही, करी व्हिलेजमध्ये पैसे देऊन शॉवर मिळतो.

सकाळी साडेसातला हॅपी आइल्सला पोहोचलो. अपर पाइन्सपासून चालत जाता येतं. इथून व्हर्नल धबधब्याच्या लाकडी पुलापर्यंत १.३ किलोमीटर, चढ १२० मीटर. वाट डांबरी आहे म्हणून सोपी वाटते, पण पहिल्या अर्ध्या तासात चढ सलग आहे. दहा मिनिटं चालणं, दोन मिनिटं थांबणं या हिशेबाने पुलाला तासभर लागला. दोन काठ्या न्या. चढताना त्यांचं महत्त्व कळत नाही, उतरताना गुडघ्याचा बराच भार त्या घेतात. पुलाजवळ पिण्याचं पाणी आणि शौचालय आहे.

पुलावर उभं राहिलं की मर्सेड नदी पायाखालून जाते आणि आवाजात बोलणं बुडतं. वर्षभराचा बर्फ या दिवसांत वितळून खाली येतो. पाणी हिरवट पांढरं, त्यात गोटे एकमेकांवर आपटल्याचा खोल आवाज मध्येच येतो. इथून वर मिस्ट ट्रेल, म्हणजे दगडात घडवलेल्या सहाशेहून जास्त पायऱ्या, धबधब्याच्या तुषारांनी सतत ओल्या, उंची एकसारखी नाही, बऱ्याच ठिकाणी कठडाही नाही. साठी ओलांडलेल्यांना माझा स्पष्ट सल्ला: पुलावरून मागे फिरा. वर चढणं जमून जातं, अडचण त्याच ओल्या पायऱ्या उतरताना होते. आणि नदीत पाय सोडायचा मोह कुठेही होऊ देऊ नका. काठचा ग्रॅनाइट पाण्याने घासून गुळगुळीत झालेला असतो आणि बर्फाचं पाणी थोड्याच वेळात पायातली ताकद काढून घेतं.

पुलाजवळ खारी माणसांच्या पिशव्यांत तोंड घालतात. त्यांना शेंगदाणा देणाऱ्या एका मुलाला तिथला स्वयंसेवक शांतपणे समजावत होता. या उद्यानात माणसांना चावे बसतात ते अस्वलांपेक्षा खारींचे जास्त.

दुपारी मोफत शटलने लोअर योसेमिटी धबधबा. योसेमिटी धबधब्याची तिन्ही टप्प्यांची मिळून उंची ७३९ मीटर. खालच्या पुलापर्यंतची फेरी दीड किलोमीटरची आणि जवळजवळ सपाट, व्हीलचेअरसुद्धा जाते. जूनमध्ये पुलावर पावसासारखे तुषार येतात, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घाला. ऑगस्ट संपता संपता हाच धबधबा बऱ्याचदा कोरडा असतो, म्हणून पालकांना आणायचं तर मे किंवा जून.

संध्याकाळचा स्वयंपाक: खिचडी. दोन बर्नरचा प्रोपेनचा स्टोव्ह आणि ४५३ ग्रॅमचे हिरवे सिलिंडर. एक बर्नर पूर्ण आचेवर ठेवला तर एक सिलिंडर साधारण दोन तास चालतो. तीन दिवसांच्या चहा-स्वयंपाकाला दोन पुरले, तिसरा राखीव. या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. तीन लिटरचा कुकर न्या आणि डाळ मुगाची ठेवा. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, साडेचार वाट्या पाणी, फोडणी घरून करून आणलेली, चार शिट्ट्या. वारा असेल तर आच उडते आणि शिट्टीच होत नाही, म्हणून स्टोव्हची तिन्ही झाकणं उभी करून पाठ वाऱ्याकडे ठेवा. कुकरच्या पहिल्या शिट्टीला शेजारची नातवंडं धावत आली. त्यांना आत काय आहे ते दाखवून वाटीभर दिलं, तुपासकट.

भांडी शौचालयाच्या बेसिनमध्ये धुवायला बंदी आहे. दोन टब न्या, उष्टं गाळून अस्वलांना न उघडणाऱ्या कचरापेटीत टाका, सांडपाणी झाडाखाली ओतू नका. भाताच्या चार शितांचाही वास अस्वलाला पुरतो.

शेकोटी उन्हाळ्यात फक्त संध्याकाळी ५ ते १० या वेळात. याचं कारण आठच्या सुमाराला डोळ्यांनी दिसतं: दरीच्या भिंती उंच, हवा गार होऊन खाली बसते आणि शेकडो शेकोट्यांचा धूर तिच्याबरोबर तंबूंच्या उंचीवर साचतो. दम्याच्या माणसाला याचा खरा त्रास होतो. इनहेलर उशाशी ठेवा, शक्य असेल तर कॅम्पग्राउंडच्या कडेची जागा निवडा. लाकूड दरीत गोळा करता येत नाही, आणि घरूनही आणू नये. त्यातून झाडं पोखरणारे किडे नव्या जंगलात येतात. तिथल्या दुकानात मोळी मिळते.

दिवस तिसरा, शनिवार: वरून दरी, मग सिकोया

शनिवारी उशिरा निघालात तर दिवस रांगेत जातो. सहाला चहा, साडेसहाला गाडी. ग्लेशियर पॉइंट ४८ किलोमीटर, एक तास. उंची २,१९९ मीटर, म्हणजे झोपलेल्या जागेपेक्षा हजार मीटर वर. इथे चालताना थोडं धापायला होतं, ते साहजिक आहे. रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये लघवीची गोळी असेल तर पाणी पुरेसं प्यायलं जातंय ना, यावर लक्ष ठेवा. कोरड्या हवेत घाम दिसत नाही आणि चक्कर येते.

पार्किंगपासून कठड्यापर्यंतची वाट सोपी आहे. समोर हाफ डोम हा ग्रॅनाइटचा डोंगर, तोही बाजूने, त्याची कापल्यासारखी भिंत आणि मागची गोल पाठ एकाच वेळी दिसते. त्याच्या उजवीकडे वर नेवाडा आणि खाली व्हर्नल असे दोन धबधबे. आदल्या दिवशी ज्या पुलावर कानठळ्या बसल्या होत्या ती नदी इथून पांढऱ्या दोऱ्याएवढी. बाबा कठड्याला टेकून आपला तंबू शोधत होते. दाट झाडीत तो दिसणं शक्य नव्हतं, पण कॅम्पग्राउंडवर तरंगणारा आदल्या रात्रीचा निळसर धूर दिसला आणि त्यावरून जागा कळली.

तिथून वावोनामार्गे मॅरिपोसा ग्रोव्ह, म्हणजे सिकोया या महाकाय झाडांचं बन. गाडी खाली ठेवून शटलने वर जायचं. ग्रिझली जायंट या झाडापर्यंतची फेरी सव्वातीन किलोमीटर, चढ ९० मीटर. ज्यांना तेवढं नको त्यांच्यासाठी बिग ट्रीज लूप अर्ध्या किलोमीटरची आणि सपाट आहे. योसेमिटी दरी आणि हे सिकोयांचं बन या दोन्हींचं रक्षण करणाऱ्या कायद्यावर लिंकननी १८६४ साली सही केली, यादवी युद्ध चालू असताना. राष्ट्रीय उद्यान झालं १८९०मध्ये. त्याआधी दरीत अहवाहनीची हे मूळ रहिवासी राहत होते आणि १८५१मध्ये मॅरिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीने त्यांना तिथून हुसकावलं. ही गोष्ट दरीतल्या संग्रहालयात जाऊन वाचावी.

ग्रिझली जायंट सुमारे तीन हजार वर्षांचा. त्याच्यापुढे कॅलिफोर्निया टनेल ट्री, ज्याच्या बुंध्यातून १८९५मध्ये आरपार रस्ता कापला आणि तरीही तो जिवंत आहे. सिकोयाची साल दोन फुटांपर्यंत जाड होते, हाताला नारळाच्या काथ्यासारखी लागते आणि ती आगीला सहज दाद देत नाही. एवढ्या झाडाचा शंकू, म्हणजे बियांचं बोंड, मात्र कोंबडीच्या अंड्याएवढा. तिथल्या रेंजरताईंनी एक शंकू बाबांच्या तळहातावर ठेवला आणि उलटा करून टिचकी मारली. आतून पडलेलं बी पोह्यापेक्षाही लहान आणि पातळ, फुंकरीने उडालं. शंकू वर्षानुवर्षं झाडावर मिटलेले राहतात, खालच्या आगीची धग लागली की वाळून उघडतात, आणि राख झालेल्या उघड्या मातीतच हे बी रुजतं. आग पूर्णपणे रोखल्यामुळे नवी रोपंच येईनाशी झाली होती, हे कळल्यावर आता जाणूनबुजून छोट्या आगी लावतात. २०२२च्या वॉशबर्न वणव्यात ग्रिझली जायंटच्या बुंध्याशी पाण्याचे फवारे लावावे लागले होते. शंकू, काडी, पान काहीही खिशात घालून आणायचं नाही.

परतताना टनेल व्ह्यू, म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी दरी समोर दिसते ती जागा. सूर्य पश्चिमेला असल्याने उजेड थेट दरीत पडतो, फोटो घ्यायचा तर चारनंतरच.

संध्याकाळी भाजणीची थालिपीठं. लोखंडी तवा जड असतो, पण पातळ नॉनस्टिक तवा या स्टोव्हवर मध्येच जळतो आणि कडेला कच्चं ठेवतो.

दिवस चौथा, रविवार: आवराआवर आणि एल कॅपिटन

बाराच्या आत जागा सोडायची. तंबू दवाने भिजलेला असतो आणि दरीत ऊन उशिरा उतरतं, त्यामुळे सकाळी आठला तो कोरडा होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. वरचं कापड जुन्या पंचाने पुसून वेगळ्या पिशवीत भरा आणि घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी वाळत घाला, नाहीतर आठवड्यात बुरशीचे डाग येतात. लॉकर रिकामा करून हाताने आतून चाचपून बघा. मागच्या कोपऱ्यात बामची बाटली राहिलेली होती.

निघताना एल कॅपिटनच्या पुलाजवळ थांबलो. जमिनीतून सरळ वर गेलेला ९०० मीटरचा ग्रॅनाइट. गिर्यारोहण जाणणारे लोक इथे मोठ्या दुर्बिणी लावून येणाऱ्यांना कडा दाखवतात आणि शंकांची उत्तरं देतात. नुसत्या डोळ्यांना भिंतीवर काही दिसत नाही. दुर्बिणीतून मध्यावर एक लाल ठिपका दिसला, तो हळूहळू नीट झाला तेव्हा ती एक खाट होती. अॅल्युमिनियमची चौकट, त्यावर ताणलेलं कापड, सगळं एका दोरावर टांगलेलं. त्यावर दोघं पाय सोडून बसले होते. खाली मोठी पिशवी लोंबत होती, तीत पाणी, अन्न, आणि शौचाचं वेगळं बंद भांडं. तेही त्यांना परत खाली आणावं लागतं.

बाबांनी विचारलं, "रात्री थंडी खालून लागते त्याचं काय करतात?" दुर्बिणीपाशी उभा असलेला मुलगा पंचविशीचा असेल. तो खूश झाला. म्हणाला, हे कुणी विचारत नाही, सगळे पडण्याबद्दलच विचारतात. फोमची चटई, तो म्हणाला, आणि त्यावर बॅग. बाबांनी मान हलवली आणि पुन्हा डोळा लावला. मागे रांग वाढेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.